डुकरांचा वाटा

माझे वडील आर्मिन ड्युर्स्ट यांच्या मांड्यांविषयी लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यांचे सगळे आयुष्य त्या मांड्यांत साठलेले होते. एक्केचाळीस वर्षे ते रोज पहाटे तांब्याच्या हंड्यावर ओणवे झाले. पोलादी पट्टीला गुंडाळलेले कापड गोठलेल्या दुधाखालून सरकवायचे, चारही टोके गोळा करायची आणि दोनशे पौंडांचा तो गरम, गळता गोळा कप्पीच्या साखळीला अडकेपर्यंत गुडघ्यांच्या जोरावर तोलून धरायचा, हे त्यांचे काम. गावातली शिवणकाम करणारी बाई म्हणत असे, "ड्युर्स्टची विजार शिवायची म्हणजे दोन माणसांचं कापड लागतं."

त्या मांड्या गेल्या जानेवारीत तीन आठवड्यांत नाहीशा झाल्या. कशा, ते मी राज्याच्या आरोग्य खात्याला चार पानी पत्रात कळवले आहे. उत्तर आलेले नाही. म्हणून येथे लिहिते आहे.

आधी निवळीविषयी सांगितले पाहिजे. दुधाचे चीज बांधले की हंड्यात पिवळट-हिरवट, गोडसर पाणी उरते, ती निवळी. विस्कॉन्सिनातल्या आमच्या स्विस घराण्यांच्या गावात ती कधीच कारखानदाराची नसे. शेतकरी सकाळी ज्या डब्यातून दूध आणी, त्याच डब्यातून निवळी परत नेई आणि डुकरांना घाली. तिला 'डुकरांचा वाटा' असेच म्हणत. त्या वाट्यावरून भांडणे होत, सोयरिकी मोडत. निवळी गटारात ओतणे हे आमच्या घरात पाप मानले जाई, आणि माणसाने ती पिणे ही नामुष्की. "निवळी पिऊन वाढलाय" ही आमच्याकडची शिवी आहे. पप्पांचा कारखाना बंद होऊन सव्वीस वर्षे झाली, हंडा बँकेच्या दारात फुलझाडे लावून ठेवला आहे, पण पप्पा अजूनही कारखान्याच्या माडीवरच राहतात. चीज करणाऱ्याचे बिऱ्हाड नेहमीच माडीवर असते. चौदा पायऱ्या आहेत, उभ्या आणि अरुंद.

त्र्याऐंशीव्या वर्षी, चर्चच्या तळघरात पत्त्यांचा डाव जिंकून वर येताना ते घसरले आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया ठीक झाली. नऊ दिवस इस्पितळात पडून काढल्यावर त्यांना ज्या पुनर्वसन केंद्रात पाठवले, त्याचे नाव मी वकिलाच्या सल्ल्यावरून लिहीत नाही.

त्या केंद्रात शिरताच पप्पांच्या पायांत पिवळे मोजे चढवण्यात आले. पिवळे मोजे म्हणजे 'हा पडेल'. गादीखाली एक यंत्र, खुर्चीखाली दुसरे. माणूस जरा उठू लागला की ती किंचाळत आणि कोणीतरी धावत येऊन त्याला पुन्हा बसवी. पडू नये म्हणून माणसाला उभेच राहू द्यायचे नाही, असा त्या संस्थेचा न्याय होता. ओडेल नावाचा व्यायामतज्ज्ञ रोज पंचवीस मिनिटे त्यांना चालवी, शनिवार-रविवारी तेही नाही. उरलेला वेळ बसायचे किंवा पडायचे. आणि बसून-पडून जे झडेल ते भरून काढायला दिवसातून तीन वेळा व्हॅनिलाच्या वासाचे एक खोके.

आहारतज्ज्ञ मिस हॅलोरन स्वतः ते घेऊन आली तेव्हा मी तेथेच होते. वयाने ती माझ्या विद्यार्थिनींएवढी असेल. मी मॅडिसनला कॉलेजात इतिहास शिकवते.

"काय आर्मिन, आज आपण आपला शेक प्यायलो का?"

"आपण म्हणजे कोण?" पप्पा म्हणाले. "तू प्यायलीस का?"

"किती गोड बोलतात हे!" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. तिने नळी खोक्यात खुपसली. "हे बघा, या वयात नुसतं पडून राहिलं ना, की स्नायू भराभर झडतात. तरुणांपेक्षा खूप जास्त. यात भरपूर प्रोटीन आहे, आणि ल्युसीन म्हणून एक असतं, ते स्नायूंना जागं करतं. सगळं नैसर्गिक. दुधाच्या निवळीतून काढलेलं."

"निवळी," पप्पा म्हणाले. एखाद्या जुन्या वैऱ्याचे नाव घ्यावे तसे. "बाई, निवळी डुकरं पितात."

"मग बघा बरं, डुकरं कशी धष्टपुष्ट असतात!"

"आणि डिसेंबरात त्यांचं काय करतात, ते ठाऊक आहे का तुला?"

ती हसत निघून गेली. स्नायू जागे होणार होते खरे, पण त्यांना उठवून कामाला कोण लावणार होते, हा प्रश्न मी तिच्या पाठीला विचारला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले, तेव्हा पप्पांनी पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूला बोट दाखवले. मी बिस्किटे भरून आणलेली आइस्क्रीमची प्लॅस्टिकची बादली तेथे झाकण लावून ठेवलेली होती. आत तीन खोक्यांचे पेय.

"बेन्नोकडे ने," ते म्हणाले.

बेन्नो एल्मर हा आमच्या गावचा शेवटचा डुकरे पाळणारा, पप्पांचा पत्त्यांतला भिडू. मी ती बादली नेली. आज विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो, पण त्या वेळी मला काही खटकले नाही. ज्या घरात मी वाढले तेथे निवळी सांडत नाहीत, पीत नाहीत, परत नेतात. पीएच.डी. झालेल्या छप्पन्न वर्षांच्या बाईने अकरा दिवस, वर्ग संपवून, पंचेचाळीस मिनिटे गाडी चालवून, आपल्या बापाच्या मांड्या बादलीतून डुकरांच्या गव्हाणीत नेऊन ओतल्या. बेन्नो म्हणाला, "व्हॅनिलाचा वास येतोय गं. माझी डुकरं आता नाष्ट्याला मेजपोस मागणार." मीही हसले.

केंद्रातल्या मदतनीस बाया रिकामे खोके पाहत आणि तक्त्यावर 'पूर्ण घेतले' अशी खूण करत. त्यांना दोष देण्याची मला फार इच्छा आहे. एका बाईकडे अठरा म्हातारे असतात हे ठाऊक असूनही आहे.

शुक्रवारी बैठक झाली. मिस हॅलोरन, ओडेल, समाजसेविका म्हणवणारी एक थकलेली बाई, पप्पा आणि मी. नियम साधा होता. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवायचे आणि सरावाच्या पायऱ्या चढायच्या. जमले तर घर. नाही तर मागचा विभाग, जेथून सामान तेवढे परत येते. पप्पा दोनदा उठले. तिसऱ्या वेळी त्यांचे गुडघे थरथरू लागले आणि ओडेलने कमरेच्या पट्ट्याला धरून त्यांना खाली बसवले. विजार मांडीवर रिकाम्या पोत्यासारखी पडली होती.

"अकरा पौंड वजन उतरलंय," मिस हॅलोरन कागद पाहत म्हणाली. "पूरक आहार शंभर टक्के घेतलाय, तरी प्रतिसाद नाही. काही शरीरं आता घेत नाहीत हो."

"मागच्या विभागात बागेकडची खोली रिकामी आहे," थकलेली बाई म्हणाली. "छान ऊन येतं."

 पप्पांनी फक्त माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेचा अर्थ मला नीट कळला. गप्प राहा. निवळी प्यायला नकार दिला हे त्या पोरीसमोर कबूल करण्यापेक्षा, आपले शरीरच संपले असे तिने लिहिलेले त्यांना चालणार होते.

"ते प्यायलेच नाहीत," मी म्हणाले.

"चार्टवर आहे."

"चार्टवर रिकामी खोकी आहेत. पेय बेन्नो एल्मरच्या डुकरांनी प्यायलंय. मीच नेऊन घातलंय, रोज."

 मग ओडेल म्हणाला, "मग चाचणी डुकरांचीच घ्यायला हवी होती."

 पप्पांनी मान वळवली आणि गावाकडच्या जुन्या बोलीत एकच शब्द उच्चारला. त्याचा अर्थ 'चहाडखोर' असा होतो.

आठ दिवसांची मुदत मिळाली. दयेपोटी मिळाली, असे कोणी समजू नये. न तपासता मारलेल्या तेहतीस खुणांची गोष्ट मी राज्याला कळवणार आहे, असे मी शांतपणे सांगितले, म्हणून मिळाली.

त्या दुपारीच ॲरिझोनाहून माझा भाऊ रोलंड फोनवर आला. तो तीन वर्षांत आलेला नव्हता, पण सल्ल्याला त्याच्याकडे कधी तोटा नसतो.

"मार्ली, एवढी शिकलीस, आणि डुकरं चारत बसलीस?"

"तू येऊन चार ना मग."

"हे बघ, मी निवळीच्या प्रोटीनची भारीतली पावडर पाठवतोय, उद्या पोचेल. वास नाही, चव नाही. गुपचूप त्यांच्या कॉफीत घाल. म्हाताऱ्याला काही कळणार नाही."

मी त्याचे ऐकले. आयुष्यात रोलंडचे मी दोनदाच ऐकले आहे, आणि दोन्ही वेळा कपाळावर हात मारायची पाळी आली. शनिवारी मी कढत कॉफीत दोन चमचे पावडर ढवळून कप पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, थांबले आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहू लागले. कॉफीवर पांढुरके कण तरंगत होते.

"हे कोणी केलं?"

"काय?"

"कॉफी फुटलीये. निवळी एकशे साठ अंश फॅरनहाइटच्या वर तापली की गोठते. आपल्या कारखान्यातल्या मांजरालासुद्धा हे ठाऊक होतं. तुला विद्यापीठात शिकवलं तरी काय?"

"पप्पा, तुम्हाला घरी जायचंय की नाही?"

"डुकरांचं खाऊन नाही जायचं."

"मग मरा इथेच!"

मी हे म्हणाले. दाराशी ढकलगाडी घेऊन उभी असलेली बाई तशीच मागे सरली. पप्पांना मात्र काही लागल्याचे दिसले नाही. ते चमच्याने एक कण काढून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळत होते. चीजचा दाणा तयार झाला की नाही हे पाहण्याची ती त्यांची जुनी रीत. सव्वीस वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

"बारीक पडलाय," ते म्हणाले. "एकदम तापवलंस. सावकाश तापवून आंबट घातलं असतंस, तर त्सीगर झाला असता."

त्सीगर म्हणजे निवळी उकळीच्या जवळ नेऊन, आंबट घालून, वर येणारा पांढरा साका गाळून केलेले मऊ चीज. पप्पांच्या लहानपणी, विकायचे चीज घरात खायची ऐपत नव्हती तेव्हा, आजी तो करी आणि उकडलेल्या बटाट्यावर घालून सात मुलांना जेवू घाली.

"पण त्सीगरही निवळीचाच ना?" मी विचारले.

"ते डुकरांचं नाही," पप्पा म्हणाले. "ते गरिबाचं."

केंद्रात सरावाचे एक स्वयंपाकघर होते. घरी जाणाऱ्या रुग्णाने पाव भाजून दाखवावा, एवढ्यापुरते. मी ओडेलला घरी फोन करून विचारले. तो मला आवडत नव्हता, कारण त्याचे विनोद नको त्या वेळी येत, पण त्या इमारतीत प्रश्न ऐकून घेणारा तोच एक होता. तो म्हणाला, "उभं राहून ढवळणार? तासभर? मला चालेल. तुमची पावडरही चालेल, खरं म्हणजे. त्यांनी गिळलं आणि उभे राहिले, तर मला सगळंच चालेल."

रविवारी बेन्नो तीन गॅलनचा धुतलेला डबा घेऊन आला. पुलापलीकडच्या, अजून चालू असलेल्या कारखान्यातून त्याच्या डुकरांना निवळी मिळते. त्यातलीच, पण थेट हंड्यावरून, ताजी.

"काय रे आर्मिन," दारातूनच तो ओरडला, "आता माझ्या डुकरांच्या तोंडचा घास काढतोस?"

"अकरा दिवस माझा घास खाल्लाय त्यांनी. परत घेतोय."

"मग त्या सगळ्यात लठ्ठ डुकरिणीला तुझंच नाव देतो."

"दे. पत्ते पण तुझ्यापेक्षा बरे खेळेल."

मिस हॅलोरनला हे मंगळवारी कळले. ज्या पदार्थावर लेबल नाही, ज्याचे ग्रॅम माहीत नाहीत, तो रुग्णाला देता येत नाही, असे तिने मला व्हरांड्यात बजावले. तुमच्या लेबल लावलेल्या खोक्याचे ग्रॅम तुम्ही अकरा दिवस डुकरांच्या पोटात मोजत होतात, असे मी तिला म्हणाले. शेवटी असा लेखी निर्णय झाला की श्री. ड्युर्स्ट यांना उपचार म्हणून त्सीगर करता येईल, मात्र खाता येणार नाही. त्याची एक प्रत मी जपून ठेवली आहे. पप्पांनी मूळ कागद चष्मा लावून वाचला, घडी करून गाळणीच्या कापडाखाली ठेवला आणि पाणी टिपायला वापरला.

रविवार ते गुरुवार, पाच दिवस, ते त्या विजेच्या शेगडीसमोर उभे राहिले. कमरेला पट्टा, पट्टा ओडेलच्या हातात; रविवारी तो सुट्टी मोडून आला होता. किंचाळणारे यंत्र ओडेलने काढून ठेवले होते.

"पडलात तर माझी नोकरी जाईल, एवढं लक्षात असू द्या."

"चाळीस वर्षं ओल्या फरशीवर उभा राहिलोय मी. पडलो तो चर्चमध्ये."

पहिल्या दिवशी ते सहा मिनिटांत खुर्चीवर कोसळले आणि उरलेले ढवळणे मला करावे लागले. ते बसल्या जागेवरून माझ्या मनगटाला, माझ्या वेगाला, माझ्या शिक्षणाला नावे ठेवत राहिले. माझे ढवळणे सहन न झाल्यानेच ते पुन्हा उठले, असे मला वाटते. दुसऱ्या दिवशी ते चौदा वेळा उठले, कारण चौदा वेळा मी चुकले. बुधवारी ते पाऊण तास उभे होते. भांड्यातून दीड-दोन मुठी साका निघे. तो मीठ आणि मिरपूड घालून, बटाट्यावर घालून, ते ओडेलकडे पाठ करून खात. ओडेल खिडकीतून बर्फ पाहत उभा राही. रोलंडच्या पावडरीचेही दोन चमचे मी रोज थंड दुधात घालून समोर ठेवत असे. मंगळवारपासून तो पेला रिकामा होऊ लागला. आइस्क्रीमची बादली मी बैठकीच्या दिवशीच घरी नेली होती, आणि खिडकीतल्या कुंडीत बोट घालून पाहिले, तीही कोरडी होती. आम्ही त्याविषयी बोललो नाही. मुळात आम्ही बोलतच नव्हतो. शिव्या आणि सूचना वगळल्या, तर त्या शनिवारपासून त्यांनी मला एकही वाक्य उद्देशून म्हटले नव्हते.

चाचणीच्या दिवशी सरावाच्या पायऱ्या त्यांनी आधीच चढून दाखवल्या. मग खुर्चीतून ते एकदा उठले, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी मानेच्या शिरा फुगल्या. पाचव्या वेळी ते अर्ध्यावर थांबले, खाली जाऊ लागले. मिस हॅलोरनने लेखणी कागदाला टेकवली. पप्पांची नजर त्या लेखणीवर पडली. त्यांनी तोच जुना शब्द, या वेळी अनेकवचनी, दात आवळून उच्चारला आणि उठून उभे राहिले. हात छातीवर तसेच बांधलेले होते.

अखेरच्या अहवालात लिहिले आहे: 'पूरक आहारास उत्तम प्रतिसाद.' त्सीगरचा उल्लेख नाही, शेगडीचा नाही, उभे राहण्याचा नाही. काय उपयोगी पडले असे कोणी मला विचारले, तर प्रामाणिकपणे मला ते सांगता येणार नाही. साका, पावडर, शेगडीपुढचे ते तास, की नुसता संताप. पण मला माहीत नाही, एवढे तरी मला माहीत आहे. ज्यांनी अहवालावर सही केली त्यांना तेही नाही. निघताना त्यांनी भेट म्हणून व्हॅनिलाच्या खोक्यांचा एक गठ्ठा माझ्या गाडीत ठेवला.

कारखान्याच्या दारात पप्पांनी माझा हात झटकला आणि पायऱ्या चढू लागले. मी दोन पायऱ्या मागे. अकराव्या पायरीवर ते बसले. त्यांचा श्वास खालच्या रिकाम्या कारखान्यात घुमत होता. दहा मिनिटे गेली, वीस गेली.

"हात देऊ?"

"दिलास तेवढा पुरे."

 मग भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "बेन्नोकडे नेलंस ते ठीक होतं. घरची रीत होती ती. पण त्या पोरीसमोर सांगितलंस, ते ठीक नाही केलंस."

"सांगितलं नसतं, तर आत्ता तुम्ही त्या उन्हाच्या खोलीत असता."

"माहीत आहे मला."

त्यांनी तळहात मांड्यांवर ठेवले, जणू काही उरले आहे का ते चाचपून पाहत होते. मग हात उचलून घेतले आणि कठड्याला न धरता उठले. उरलेल्या तीन पायऱ्यांना त्यांना किती वेळ लागला ते मी सांगणार नाही. ते आत गेले. दार त्यांनी लावले नाही, पण मला आतही बोलावले नाही.

मी खाली उतरून गाडीपर्यंत पोचले, तेव्हा वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"मार्ली! त्या गठ्ठ्याचं काय करणार आहेस?"

"काय करू?"

"विचारतेस काय! बेन्नोकडे ने."